लिम्फोमापासून बनलेल्या सेल लाइन आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न विचारणारे साधारण तीन गटांतले असतात: बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी, औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नव्याने रुजू झालेली मंडळी, आणि लिम्फोमाच्या रुग्णांचे नातेवाईक. प्रश्न निरनिराळे असले तरी मुळाशी बहुधा एकच शंका असते. कर्करोगाच्या बिघडलेल्या पेशींवर चाचणी करून आपल्याला खात्रीचं असं काय कळणार? माझं म्हणणं असं, की या पेशींचा उपयोग त्यांच्या बिघाडातच आहे. एखाद्या चाचणीत अमुकच सेल लाइन का वापरली हे समजून घ्यायचं असेल, तर तिच्यात काय गायब आहे ते आधी विचारा.

लिम्फोमाची सेल लाइन म्हणजे नेमकं काय?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. रुग्णाच्या गाठीतून किंवा छातीत साचलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात ठेवल्या, तर त्या बहुतेक वेळा थोड्या दिवसांत मरतात. क्वचित एखाद्या नमुन्यातल्या पेशी तग धरतात आणि वर्षानुवर्षं विभागत राहतात. त्या गोठवून ठेवता येतात, पुन्हा वाढवता येतात, दुसऱ्या प्रयोगशाळेला देता येतात. ती झाली सेल लाइन. ती माणसाचीच असते असं नाही. उंदराच्या लिम्फोमापासून बनलेल्या काही सेल लाइन तर औषधांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांत आज सर्रास वापरल्या जातात.

यातली पहिली कुठली?

राजी. नायजेरियातल्या इबादानमध्ये १९६३ साली आर. जे. व्ही. पल्व्हरटाफ्ट यांनी एका लहान मुलाच्या जबड्यातल्या बर्किट लिम्फोमापासून ती वाढवली. रक्तपेशींच्या कुळातली, सतत वाढणारी अशी ही पहिली मानवी सेल लाइन. साठ वर्षं उलटली तरी ती रोजच्या वापरात आहे.

त्याच सुमाराला लंडनमध्ये जे घडलं तेही सांगायलाच हवं. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी २२ मार्च १९६१ रोजी मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये आफ्रिकी मुलांमधल्या या ट्यूमरवर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. या ट्यूमरमागे विषाणू असावा असं त्यांना वाटलं आणि त्यांनी युगांडाहून नमुने मागवायला सुरुवात केली. बराच काळ हाती काहीच लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात एक नमुना घेऊन येणारं विमान लंडनच्या धुक्यामुळे मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा पोचला तेव्हा बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. गढूळ द्रव म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, आणि असा नमुना टाकूनच देतात. एपस्टाइन यांनी मात्र एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवाणू नव्हतेच. गाठीच्या तुकड्यातून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात मोकळ्या तरंगत होत्या. या पेशी तरंगत वाढवायच्या असतात हे त्या थेंबाने शिकवलं. इव्होन बार यांनी त्या वाढवल्या, बर्ट अचोंग यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांचं निरीक्षण झालं, आणि मार्च १९६४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या विषाणूची नोंद आली. तोच एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

जर्कॅट, टीएचपी-१, टीके६, के५६२ याही लिम्फोमाच्याच ना?

नाही, आणि अहवाल लिहिताना हा घोळ फार होतो. जर्कॅट ही टी-पेशींच्या ल्युकेमियाची, टीएचपी-१ ही तीव्र मोनोसायटिक ल्युकेमियाची आणि के५६२ ही क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची. टीके६ तर कर्करोगाच्या रुग्णाकडून आलेलीच नाही. ती लिम्फोब्लास्टॉइड आहे. निरोगी माणसाच्या बी-पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइटना) मुद्दाम ईबीव्हीची लागण करून ज्या सतत वाढत्या पेशी मिळवतात त्याही लिम्फोब्लास्टॉइडच. फ्लास्कमध्ये दिसायला त्या राजीसारख्याच, पण मूळ वेगळं.

लिम्फोमाच्या म्हणता येतील अशा नेहमीच्या: राजी, दाउदी, रामोस, नमाल्वा (सगळ्या बर्किट लिम्फोमाच्या), यू-९३७ (हिस्टिओसायटिक लिम्फोमा), एसयू-डीएचएल मालिका (डिफ्यूज लार्ज सेल आणि इतर), कार्पास २९९ (अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल), एल४२८ (हॉजकिन). उंदराच्या: एल५१७८वाय, वायएसी-१, ईएल४, एस४९.

एखाद्या चाचणीला नेमकी हीच सेल लाइन का लागते? दुसरी का चालत नाही?

उदाहरणांवरूनच सांगतो.

दाउदी पेशींत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनत नाही. ते नसलं की एचएलए वर्ग १ चे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर येत नाहीत. शरीरातल्या मारक टी-पेशी एरवी याच रेणूंवरून आपलं लक्ष्य ओळखतात. त्यामुळे दाउदी पेशी मेल्या, तर त्या एचएलए वर्ग १ वर अवलंबून नसलेल्या मार्गाने मेल्या, हे नक्की म्हणता येतं. इंटरल्युकिन-२ देऊन चेतवलेल्या मारक पेशींची ताकद मोजायला ही सेल लाइन इतकी वापरली गेली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. शिवाय इंटरफेरॉन-अल्फा हे औषध म्हणूनही वापरलं जाणारं प्रथिन दिलं की दाउदी पेशींची वाढ चटकन मंदावते, म्हणून इंटरफेरॉनची ताकद तपासायलाही तीच.

सर्वांत सुंदर उदाहरण एस४९ चं. उंदराच्या या लिम्फोमा पेशींत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप वाहणारा छोटा रेणू, वाढलं की पेशी मरते. सायक्लिक एएमपी वाढवणारे पदार्थ देऊनही जगणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, तेव्हा एक प्रकार असा मिळाला की ज्यात सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइमच नसावं असं वाटलं. आल्फ्रेड गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पेशींच्या आवरणात दुसऱ्या पेशींचा अर्क मिसळला आणि कार्य परत आलं. पुढे उलगडलं की एन्झाइम शाबूत होतं, गायब होता तो संप्रेरकाचा निरोप एन्झाइमपर्यंत पोचवणारा दुवा. तो दुवा म्हणजे जी-प्रोटीन. गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल याच प्रथिनांसाठी मिळालं. एक गोष्ट गायब असलेली पेशी हाताशी होती, म्हणून ती गोष्ट ओळखता आली.

जुन्या रिपोर्टवर ‘राजी सेल अ‍ॅसे’ असं लिहिलंय. ही कॅन्सरची तपासणी आहे का?

नाही, घाबरू नका. ही रक्तात फिरणाऱ्या इम्यून कॉम्प्लेक्सची, म्हणजे अँटिजेन आणि अँटिबॉडी यांच्या जोडगोळ्यांची तपासणी आहे. ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांत अशा जोडगोळ्या वाढतात. त्यांच्यावर कॉम्प्लिमेंटची, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीला येणारी रक्तातली प्रथिनं चिकटलेली असतात. राजी पेशींवर कॉम्प्लिमेंट पकडणारे रिसेप्टर भरपूर आहेत, मात्र बी-पेशीवर सहसा असणारी पृष्ठभागावरची इम्युनोग्लोब्युलिन्स नाहीत. त्यामुळे रुग्णाच्या सीरममधल्या जोडगोळ्या पेशीवर अडकल्या की मानवी इम्युनोग्लोब्युलिनविरुद्धची खूण केलेली अँटिबॉडी टाकून त्या मोजता येतात. पेशीची स्वतःची इम्युनोग्लोब्युलिन्स असती तर मोजणीत गोंधळ झाला असता.

१९७० च्या दशकात ही चाचणी खूप गाजली. तिची उणीवही लवकर कळली. ल्युपसच्या रुग्णांत लिम्फोसाइटविरुद्धच्याच अँटिबॉडी असतात. त्या राजी पेशीला थेट चिकटतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. आता बहुतेक ठिकाणी एलायझा पद्धती आणि सरळ सी३, सी४ या कॉम्प्लिमेंट प्रथिनांची पातळी यांवर भर असतो. जुन्या रिपोर्टवरच्या एका आकड्यावरून काही ठरवू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो आजच्या तपासण्यांसोबत दाखवा.

ईबीव्हीच्या अँटिबॉडी तपासणीत लिम्फोमाच्या पेशी कशाला?

विषाणूची प्रथिनं तयार मिळण्याचं ते ठिकाण आहे, म्हणून. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याने १९६६ मध्ये बर्किट लिम्फोमाच्या पेशी काचपट्टीवर पसरून, त्यांवर रुग्णाचं सीरम आणि मग चमकणाऱ्या रंगाची खूण असलेली अँटिबॉडी टाकून विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधण्याची पद्धत बसवली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण तंत्रज्ञ बाईंच्या रक्तात या अँटिबॉडी नव्हत्या, म्हणून त्यांचं सीरम निगेटिव्ह म्हणून वापरलं जाई. १९६७ मध्ये त्या तापाने आजारी पडल्या. निदान झालं इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिसचं, म्हणजे ताप, घसादुखी आणि सुजलेल्या गाठींच्या आजाराचं. बऱ्या होऊन परत आल्यावर तपासलं तर तेच सीरम आता चमकत होतं. या आजाराचं कारण ईबीव्ही आहे हा धागा तिथे सापडला आणि १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांतले तरुण फोल्कर डील पुढे जर्मनीत परतले आणि हॉजकिनच्या पहिल्या टिकाऊ सेल लाइनपैकी एल४२८ त्यांच्याच गटाने वाढवली.

या तपासणीसाठी पी३एचआर-१ ही बर्किट सेल लाइन विशेष वापरली जाते. हिच्यातल्या काही पेशी विषाणूची बाह्य प्रथिनं बनवतात, बाकीच्या बनवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर थोड्याच पेशी सफरचंदी हिरव्या चमकताना दिसतात, उरलेल्या मंद राहतात. हे मिश्रण मुद्दामच हवं असतं. सगळ्याच पेशी सारख्या चमकल्या, तर सीरम विषाणूच्या प्रथिनाऐवजी पेशीच्या इतर कशाला तरी चिकटतंय हे लगेच लक्षात येतं. या सेल लाइनमधल्या विषाणूच्या जनुकांचा एक तुकडा गळालेला आहे, त्यामुळे तो विषाणू नव्या बी-पेशींना अमर करू शकत नाही. इथेही उणीव कामाला आली.

माउस लिम्फोमा अ‍ॅसे म्हणजे काय? तो कसा करतात?

नवं औषध, कीटकनाशक किंवा रसायन जनुकांत बदल घडवतं का, हे पाहण्याची ही चाचणी. आज ती ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४९० क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे करतात. पेशी एल५१७८वाय, त्यातला ३.७.२सी हा क्लोन.

या पेशींत थायमिडिन कायनेज, म्हणजे टीके, या एन्झाइमच्या जनुकाची एकच प्रत चालू आहे; दुसरी आधीच निकामी. दोन्ही प्रती चालू असत्या तर दोन्ही बिघडेपर्यंत आपल्याला पत्ता लागला नसता. इथे एक घाव पुरतो. ट्रायफ्लुओरोथायमिडिन हे विषारी द्रव्य टीके असलेल्या पेशीत गेलं की एन्झाइम त्यात फॉस्फेट जोडतं आणि पेशी मरते. ज्या पेशीतली उरलेली प्रतही बिघडली, तिच्यात हे घडत नाही आणि ती जगते. जगलेल्या पेशी मोजा, म्हणजे म्युटेशन मोजलं.

क्रम असा. आधी मेथोट्रेक्सेट असलेल्या मीडियात (पोषक द्रवात) पेशी वाढवून, आपोआप टीके गमावलेल्या पेशी काढून टाकतात. या सफाईनंतर पेशी गोठवून साठा करतात. चाचणीच्या दिवशी पेशींना रसायन तीन ते चार तास देतात, एकदा एस९ सह आणि एकदा त्याशिवाय. एस९ म्हणजे सहसा रॅट जातीच्या उंदराच्या यकृताचा अर्क. कित्येक रसायनं यकृतात रूपांतर झाल्यावरच घातक होतात, म्हणून तो लागतो. तीन-चार तासांत काही दिसलं नाही तर एस९ विना चोवीस तासांचीही फेरी करतात. त्यानंतर दोन दिवस पेशी नुसत्या वाढू देतात. म्युटेशन झालं तरी आधी बनलेलं एन्झाइम पेशीत शिल्लक असतं, ते संपायला हा वेळ लागतो. नवखे लोक इथे घाई करतात आणि म्युटंट कमी मोजतात. मग ९६ खणांच्या प्लेटमध्ये ट्रायफ्लुओरोथायमिडिनसह पेशी टाकून दहा ते बारा दिवस थांबायचं.

प्लेट हातात घेऊन उजेडाकडे धरली की खणांच्या तळाशी वसाहती दिसतात. काही मोठ्या, कडेला विरळ पसरलेल्या. काही अगदी छोट्या, घट्ट. हा फरक फार बोलका आहे. मोठी वसाहत बहुधा जनुकातल्या छोट्या बदलाची. छोटी बहुधा गुणसूत्राचा मोठा भाग तुटल्याची. पेशीचं इतर नुकसानही झालेलं असतं, म्हणून ती सावकाश वाढते. एकाच चाचणीत दोन्ही प्रकारच्या इजा दिसणं हे या पद्धतीचं मोठं बळ आहे. वसाहती मोजताना एकाच प्लेटची दोघांची मोजणी जुळते का हे पाहावं. ‘छोटी’ कशाला म्हणायचं याची सवय डोळ्यांना लागायला वेळ जातो.

निकालाचे निकषही ठरलेले आहेत. ९६ खणांच्या पद्धतीत काही न दिलेल्या पेशींत दर दहा लाखांत ५० ते १७० म्युटंट असले तरच चाचणी ग्राह्य. पॉझिटिव्ह म्हणायचं तर त्या पायरीवर आणखी १२६ ची वाढ हवी, आणि मात्रेनुसार चढता कलही.

या चाचणीत औषध पॉझिटिव्ह आलं, म्हणजे ते कर्करोग करतं?

तसा थेट निष्कर्ष निघत नाही. एल५१७८वाय पेशींत पी५३ हे जनुक बिघडलेलं आहे. निरोगी पेशी जखमी डीएनए घेऊन विभागायला कचरते, ही कचरत नाही. शिवाय मात्रा इतकी चढवली की बहुतेक पेशी मरायला लागल्या, किंवा मीडियाचा सामू बिघडला, तर रसायन निर्दोष असूनही निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणूनच नियामक संस्था या चाचणीकडे एकटी पाहत नाहीत. जिवाणूंवरची एम्स चाचणी आणि प्राण्यांतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी यांच्यासह ती वाचतात.

सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीत लिम्फोमाच्या पेशी वापरतात हे खरं?

खरं आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यावर बंदी घातली. मग क्रीममधल्या घटकाने त्वचेला अ‍ॅलर्जी येईल का हे कसं पाहायचं? त्यातला एक मार्ग यू-सेन्स. यू-९३७ पेशींना तो घटक ४५ तास देतात आणि पृष्ठभागावरचं सीडी८६ हे प्रथिन वाढतं का ते फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर बघतात. दीडपटीच्या पुढे वाढलं आणि ७० टक्के पेशी जिवंत असल्या तर तो घटक रोगप्रतिकारक पेशींना चेतवतो असं धरतात. एकट्या या चाचणीवर निर्णय घेत नाहीत. इतर दोन-तीन पद्धतींशी ती जोडून वाचतात. पेशी तुमच्या क्रीममध्ये नसतात, हे वेगळं सांगायला नको, पण विचारणारे असतात म्हणून सांगितलं.

रिटुक्सिमॅबच्या प्रत्येक बॅचची तपासणी या पेशींवर होते का?

होते. रिटुक्सिमॅब हे बी-पेशीवरच्या सीडी२० या प्रथिनाला चिकटणारं लिम्फोमाचं औषध, अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालेलं. बाटलीत प्रथिन किती आहे हे रासायनिक तपासणीने कळतं; ते काम करतं का हे कळायला जिवंत पेशीच लागते. सीडी२० असलेल्या पेशींवर औषध आणि मानवी कॉम्प्लिमेंट टाकायचं आणि किती पेशी मेल्या ते मोजायचं. अशा कामाला राजी किंवा दाउदी पेशी चालतात. बॅचचा आलेख प्रमाण नमुन्याच्या आलेखाशेजारी ठेवून सापेक्ष ताकद टक्क्यांत काढतात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती) आणली, तेव्हापासून आपल्याकडच्या क्वालिटी कंट्रोल विभागांत या कामाचा चांगला अनुभव साठला आहे. एक गोष्ट इथे नेहमी सांगतो: पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की पृष्ठभागावरच्या रेणूंचं प्रमाण सरकू शकतं. औषध तेच असतं, पेशी बदललेली असते. पॅसेजची कमाल मर्यादा लेखी ठरवा आणि पाळा.

कार-टी, म्हणजे टी-पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगावर सोडण्याच्या उपचारांतही असंच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झालं. बी-पेशीवरच्या सीडी१९ या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या अशा पेशी रुग्णाला देण्यापूर्वीच्या संशोधनात, सीडी१९ असलेल्या राजीसारख्या पेशींना त्या मारतात का हे पाहणं ही सर्वमान्य पायरी आहे.

सेल लाइनवर चाललेलं औषध रुग्णातही चालतं का?

कधी चालतं, कधी नाही, आणि कधी अर्धवट. इब्रुटिनिबचं उदाहरण मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे दोन मोठे प्रकार मानतात, एबीसी आणि जीसीबी. टीएमडी८ सारख्या एबीसी सेल लाइन जगण्यासाठी बीटीके या एन्झाइमवर अवलंबून असतात, जीसीबी सेल लाइन सहसा नसतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. बीटीके रोखणारं इब्रुटिनिब मग आजार उलटलेल्या किंवा न जुमानणाऱ्या ८० रुग्णांना दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला: एबीसीच्या ३८ पैकी १४ रुग्णांना, म्हणजे ३७ टक्क्यांना फरक पडला, जीसीबीच्या २० पैकी एकाला. सेल लाइनने दिशा बरोबर दाखवली होती.

पण ३७ टक्के म्हणजे ६३ टक्क्यांना फरक पडला नाही. आणि नव्याने निदान झालेल्या ८३८ रुग्णांत नेहमीच्या आर-चॉप उपचाराला (रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपी) इब्रुटिनिब जोडून पाहिलं, तेव्हा २०१९ च्या निकालात एकूण गटात फायदा दिसला नाही. तरुण रुग्णांत काहीसा दिसला, वयस्करांत दुष्परिणामांनी उपचारच खंडित होऊ लागले. फ्लास्कमध्ये यकृत नसतं, हृदय नसतं, वय नसतं.

‘हळदीने लिम्फोमाच्या पेशी नष्ट’ असे मेसेज येतात. त्यात तथ्य किती?

हळदीतल्या करक्युमिनने ताटलीतल्या लिम्फोमा पेशी मरतात, हे प्रयोग खरे आहेत. प्रश्न मात्रेचा आहे. ताटलीत पेशी त्या द्रावणात तासन्‌तास बुडालेल्या असतात. तोंडाने घेतलेलं करक्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं आणि यकृत ते लगेच बदलून टाकतं, त्यामुळे रक्तातली पातळी ताटलीतल्या मात्रेच्या जवळपासही जात नाही. दुसरी गोष्ट, असा प्रयोग वाचताना त्याच मात्रेत निरोगी लिम्फोसाइटचं काय झालं ते शोधा. तो स्तंभच नसेल तर प्रयोग अपुरा आहे.

माझी कळकळीची विनंती आहे: जेवणातली हळद खुशाल खा, पण केमोथेरपी चालू असताना अर्क, कॅप्सूल किंवा काढे डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. काही अर्क औषधांच्या यकृतातल्या विघटनात ढवळाढवळ करतात. आणि अशा मेसेजवर विसंबून उपचार थांबवू तर मुळीच नका. लिम्फोमाचे कित्येक प्रकार आज बरे होतात, पण वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तरच.

आमच्या रुग्णाच्या गाठीपासून सेल लाइन करून त्यावर औषधं तपासता येतील का?

नेहमीच्या उपचारात असं करत नाहीत. बहुतेक नमुने सेल लाइन म्हणून वाढतच नाहीत, आणि सावकाश वाढणारे लिम्फोमा तर फ्लास्कमध्ये हटकून दगा देतात. एखादी सेल लाइन तयार झालीच तर त्याला कित्येक महिने जातात. रुग्णाला तेवढं थांबणं परवडत नाही. निदानासाठी बायोप्सी, त्यावरच्या आयएचसी चाचण्या (अँटिबॉडीने रंगवून प्रथिनं पाहणं), गरजेप्रमाणे फ्लो सायटोमेट्री आणि फिश (गुणसूत्रांतले बदल पाहणारी चाचणी), हाच मार्ग. त्या तपासण्यांत सेल लाइन असल्याच तर पडद्याआड, कंट्रोल म्हणून.

संशोधनासाठी नमुना मागितला गेला तर संमतीपत्र नीट वाचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमती समजून-उमजून दिलेली असली पाहिजे, आणि नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडता कामा नये. सुरुवातीच्या आफ्रिकी मुलांच्या वेळी आजच्यासारखी संमतीची चौकट नव्हती. त्यांच्या पेशींवर इतकं ज्ञान उभं आहे, तर त्या मुलांची आठवण संशोधनात ठेवली जावी, असं मला मनापासून वाटतं.

या पेशी हाताळून कर्करोग होतो का?

निरोगी माणसाच्या अंगात दुसऱ्याच्या पेशी सहसा रुजत नाहीत. प्रतिकारशक्ती त्या परक्या म्हणून मारते. खरी काळजी विषाणूंची. राजी, दाउदी, पी३एचआर-१ मध्ये ईबीव्ही आहे, म्हणून जैवसुरक्षा पातळी २ चे नियम: बायोसेफ्टी कॅबिनेट, हातमोजे, सुया शक्यतो टाळणं, कचरा ऑटोक्लेव्ह करणं. एक नियम मोडायचाच नाही. स्वतःच्या रक्तातल्या पेशी ईबीव्हीने अमर करून स्वतःच हाताळायच्या नाहीत. त्या पेशी तुमच्या शरीराला परक्या वाटणार नाहीत.

माझ्याकडची ‘राजी’ खरंच राजी आहे कशावरून?

लेबलवरून नव्हे. जर्मनीतल्या डीएसएमझेड या पेशीसंग्रहाने १९९९ मध्ये २५२ मानवी ट्यूमर सेल लाइन तपासल्या, तर ४५ म्हणजे १८ टक्के भलत्याच निघाल्या. एका फ्लास्कचा पिपेट दुसऱ्यात बुडतो, वेगाने वाढणारी पेशी हळू वाढणारीला काही आठवड्यांत गिळते, आणि बाहेरून काही दिसत नाही. उपाय एकच: एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशीच्या डीएनएचा ठसा. साठा करताना एकदा, आणि शोधनिबंध पाठवण्याआधी पुन्हा. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंची पीसीआर तपासणी ठरावीक अंतराने करा. मायकोप्लाझ्मा असेल तर मीडिया गढूळ होत नाही, पेशीही मरत नाहीत; फक्त तुमचे सगळे आकडे खोटे होतात.

आमच्या राजी पेशी गुठळ्या करतात. संसर्ग झालाय का?

नाही, राजी अशीच वाढते. निरोगी फ्लास्कमध्ये द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके तरंगताना दिसतात, कडेच्या पेशी गोल आणि चकचकीत. मोजणीआधी पिपेटने हलक्या हाताने वरखाली करून पुंजके मोडा, नाहीतर संख्या कमी भरते. आरपीएमआय १६४० हा मीडिया आणि १० टक्के सीरम पुरतं. फार पातळही करू नका. एका मिलिलिटरमध्ये चार लाखांच्या खाली नेलं तर पेशी रुसतात, तीस लाखांच्या वर दाटल्या तर मरू लागतात. मीडिया पिवळा पडेपर्यंत वाट पाहू नका.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने या पेशी कुठून घ्याव्यात?

पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. तिथल्या संग्रहातून देशभरच्या संस्थांना सेल लाइन मिळतात. हवी ती सध्या उपलब्ध आहे का हे आधी विचारा, अर्ज संस्थेमार्फतच करावा लागतो. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क मागून आणणं सोपं वाटतं, पण त्या पेशींचा पॅसेज नंबर आणि पूर्वेतिहास सहसा कुणालाच ठाऊक नसतो.

पेशी आल्या की पहिल्याच आठवड्यात प्रयोग लावू नका. आधी वाढवा, १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं द्रव्य) मिनिटाला एक अंश या वेगाने थंड करून किमान दहा व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. मग त्यातली एक ३७ अंशांच्या पाण्यात भराभर वितळवून, धुऊन, ट्रिपॅन ब्लू या रंगाने जिवंत पेशी मोजा. ती नीट उठली तर उरलेल्या व्हायल वापरायला तुम्ही मोकळे.